गोव्यात कंटेंट मॅनेजर व्हायचंय? मग आधी जुनी पानं उघडा

डिचोलीला घरी गेले की मावशी हमखास विचारते, तू नक्की करतेस तरी काय गो, इन्स्टावर फोटो टाकतेस ना? मी हो म्हणते आणि विषय संपवते, कारण खरं उत्तर लांबलचक आहे आणि तोवर चहा थंड होतो. पण गेल्या काही महिन्यांत चार-पाच जणांनी हेच विचारलं, सगळे नवीन, कोणी नुकतं बीए मराठी झालेलं, कोणी पेपरातली डेस्कवरची नोकरी सोडून इकडे यायच्या विचारात (मीही तशीच आले), म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते.

चवथीला (गणेश चतुर्थीला) माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, बांधताना बघितली असेल. नारळ एकजण आणतो, सुपारीचा घोस दुसऱ्याच्या कुळागरातून येतो, रानातली फळं कोणीतरी पहाटे जाऊन आणतं, उरलेलं बाजारातून. पण घरात एक काका असतो ज्याला माहीत असतं की काय कुठं लटकवायचं, कुठल्या फळाला कुठली दोरी, लाकडी चौकट किती वजन पेलेल आणि कुठलं फळ पाच दिवस टिकणार नाही. तो काका म्हंजे कंटेंट मॅनेजर. लिहिणारा वेगळा, फोटो काढणारा वेगळा, रील एडिट करणारा वेगळा, जाहिरातीचे पैसे लावणारा वेगळा, आणि या सगळ्यांचं वेळेवर, खरं आणि एका सुरात बाहेर पडेल हे बघणारी तुम्ही. आता गोव्यातल्या छोट्या धंद्यांत हे सगळे काका-पुतणे एकाच माणसात कोंबलेले असतात ही गोष्ट निराळी. म्हणून इंटरव्ह्यूला गेलात तर पगाराच्या आधी तीन गोष्टी विचारा: पोस्ट अप्रूव्ह कोण करणार, फोटो-व्हिडिओला वेगळे पैसे आहेत का, आणि रात्री अकराला आलेल्या मेसेजला उत्तर कोण देणार. तिन्हीचं उत्तर "तूच" असेल तर निदान कळलं तरी.

पहिली पायरी, आणि ही कोणीही टाळू नका: जे आधीच बाहेर आहे ते मोजा.

नवीन माणसाला काय होतं की पहिल्या दिवसापासून नवीन काहीतरी करून दाखवायचं असतं. मीही तेच केलं. एका होमस्टेवाल्यांचं काम नवीनच घेतलेलं, मे महिन्यात मी धडाधड रील्स टाकल्या, पावसाळ्यातला गोवा, हिरवीगार शेतं, सगळं मस्त. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून एक कुटुंब आलं, सहा माणसं, आणि संध्याकाळी त्यांनी वेबसाइटवरचं पान उघडून स्वयंपाकवालीपुढे धरलं, त्यावर लिहिलेलं "रोज ताजं इसवण, समुद्रातून थेट ताटात" (इसवण म्हणजे सुरमई). ती मला फोनवर म्हणाली, "इसवण खंय मेळटा गो बाय आतां, बंदी न्हय?" आणि मी गप्पच. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस आपल्याकडे यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते हे गोव्यातल्या शेंबड्या पोराला माहीत, मलाही माहीत, पण ते पान माझ्या आधीच्या कोणीतरी डिसेंबरात लिहिलेलं आणि मी ते उघडूनच बघितलं नव्हतं. त्या रात्री खाऱ्या बांगड्यावर आणि अंड्याच्या रश्शावर भागलं, पाहुणे चांगले होते, पण रिव्ह्यूत ते वाक्य आलंच.

तर ऑडिट. नाव भारी आहे, काम कारकुनी आहे. गूगल शीट उघडा, वेबसाइटचं प्रत्येक पान, प्रत्येक पीडीएफ मेनू, गूगल मॅपवरचं प्रोफाइल, इन्स्टावरच्या पिन केलेल्या पोस्ट आणि हायलाइट्स, व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग, बुकिंग पोर्टलवरचं वर्णन, एकेक ओळ. कॉलम फार नकोत: लिंक, हे कोणासाठी आहे, यातली कुठली गोष्ट बदलू शकते (रेट, वेळ, नंबर, मोसम), शेवटचं कोणी आणि कधी तपासलं, आणि निर्णय. निर्णय चारच प्रकारचे, ठेवायचं, दुरुस्त करायचं, दोन पानं एकत्र करायची, किंवा काढायचं. काढलंत तर नुसतं डिलीट मारू नका, जुन्या लिंकवरून जवळच्या पानावर ३०१ रीडायरेक्ट (जुनी लिंक उघडली की आपोआप दुसऱ्या पानावर नेणारी सोय) लावा, नाहीतर ज्यांनी ती लिंक सेव्ह केली ते रिकाम्या पानावर पोचतात आणि गूगलनं त्या पानाला दिलेली किंमतही वाया जाते. "यातली कुठली गोष्ट बदलू शकते" हा कॉलम माझा स्वतःचा आहे, इसवणानंतर घातलेला, आणि सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो. उदाहरण द्यायचं तर दूधसागरच्या पानावर त्या कॉलममध्ये लिहिलंय "कुळेहून जीप, पावसाळ्यात बंद", की मे संपताना ते पान आपोआप माझ्या यादीत वर येतं.

दुसरी पायरी, वाचणारा माणूस कोण ते शोधा, आणि ते खुर्चीत बसून शोधू नका. पर्सोना (मनानं रंगवलेला गिऱ्हाईक) वगैरे शिकवतात कोर्समध्ये, "रोहन, वय २८, प्रवासाची आवड", त्याला माझा विरोध नाही पण रोहननं मला आजवर काही सांगितलेलं नाही. त्यापेक्षा दोन दिवस रिसेप्शनवर बसा. फोनवर काय विचारतात ते जसंच्या तसं लिहा, त्यांच्याच शब्दांत. "मोपा जवळ की दाबोळी?" (गोव्याचे दोन विमानतळ, एक उत्तरेला, एक दक्षिणेला) हा प्रश्न मी एका दिवसात सात वेळा ऐकला, २०२३ च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून लोक चुकीच्या टोकाला उतरतात आणि मग टॅक्सीचा आकडा ऐकून हबकतात, आणि आमच्या वेबसाइटवर तेव्हा त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. तेच पान आज आमचं सगळ्यात जास्त वाचलं जातं. सोबत गूगलचं सर्च कन्सोल बघा, लोक गूगलमध्ये नेमकं काय टाइप करून तुमच्यापर्यंत आले ते तिथं दिसतं, फुकट आहे, फक्त १६ महिन्यांचाच डेटा ठेवतं म्हणून दर तिमाहीला उतरवून ठेवायची सवय लावा.

आता कॅलेंडर, आणि इथं जरा थांबते, कारण गोव्यात कंटेंट मॅनेजरची निम्मी अक्कल इथंच कळते.

बाहेरच्या एजन्सीकडून कॅलेंडर येतं त्यात व्हॅलेंटाइन डे असतो, फ्रेंडशिप डे असतो, जागतिक इडली दिवस पण असतो. आपलं कॅलेंडर वेगळं आहे. लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपासाच्या काळाच्या) आधीचा कार्निव्हल, फाल्गुनातला शिगमो, शिरगावची लईराईची जत्रा, २४ जूनला सांजाव (सेंट जॉनचं फेस्त, पोरं विहिरीत उड्या मारतात ते), आषाढीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला चिखलकालो, ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीचा बोंदेराम, मग चवथ, दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुर, नोव्हेंबरात पणजीत इफ्फी (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव), ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त. त्यात मोसमाचा हिशेब वेगळा, बीचवरचे शॅक कधी उतरतात, बोटी कधी सुटतात, आंबा कधी येतो. यातले बरेच सण तिथीवर चालतात म्हणजे दरवर्षी तारीख सरकते, म्हणून मागच्या वर्षीचं कॅलेंडर कॉपी-पेस्ट केलंत की फसलात. कालनिर्णय भिंतीवर असू दे, हसू नका.

पण नुसती तारीख लिहून काही होत नाही. सण ज्या दिवशी असतो त्या दिवशी लोकांनी ठरवलेलं असतं. सांजावला येणारा पाहुणा मे महिन्यात शोधत असतो, म्हणजे पान एप्रिलअखेर तयार पाहिजे, म्हणजे पॅकेज काय आणि कितीला हे मालकानं एप्रिलच्या सुरुवातीला सांगायला हवं, म्हणजे तुम्ही मार्चमध्ये त्याच्या मागे लागायला हवं. आणि फोटो? यंदाचा सांजाव अजून झालेलाच नाही, तर फोटो मागच्या वर्षीचेच लागणार. म्हणून २४ जूनला फोटोग्राफर विहिरीपाशी उभा असतो तो पुढच्या वर्षीसाठी, हे मालकाला पटवणं हे पण कामातच येतं ("आत्ता पैसे घालून पुढच्या वर्षी वापरायचे?" असं तोंड करतात). डोक्यावर फुलांचं कोपेल (मुकुटासारखं कडं) घातलेला, पाण्यात उडी मारणारा पोरगा हवाय, पण त्याला आणि त्याच्या घरच्यांना विचारून. विहीर कुणाच्यातरी अंगणात असते हे विसरू नका.

शीटमध्ये प्रत्येक कामासमोर एकच नाव लिहा. "टीम" असं लिहिलं की ते काम कुणाचंच नसतं.

मग ब्रीफ. लिहिणाऱ्याला "मस्त काहीतरी लिही पावसावर" असं सांगितलं तर मस्त काहीतरीच येतं. एक पान पुरे: कोणासाठी, त्यानं वाचून काय करावं, कुठल्या तीन गोष्टी यायलाच हव्यात, कुठली गोष्ट लिहायची नाही, खात्री कोणाला फोन करून करायची, शब्द किती, कधी हवं. "कुठली गोष्ट लिहायची नाही" हे नवीन लोक विसरतात. उदाहरणार्थ एखादा शांत बांध किंवा झरा, गावातल्या लोकांची जागा, ती लिहिली की दुसऱ्या रविवारी तिथं बाटल्या. ते आपण ठरवायचं असतं, क्लायंट नाही ठरवत.

एडिटिंगचं एक उदाहरण जवळून दाखवते. मालकानं स्वतः लिहून पाठवलेलं वाक्य असं होतं: "निसर्गाच्या कुशीत वसलेलं, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेलं आमचं होमस्टे तुम्हाला देईल अविस्मरणीय अनुभव!" मी गेटपासून समुद्रापर्यंत चालत गेले, मोबाइलवर वेळ लावून, चप्पल घालून, पाहुणे जातात तशी. परत येऊन लिहिलं: "गेटपासून समुद्र चालत ११ मिनिटं. वाटेत एक खडीचा चढ आहे, चाकाची बॅग तिथं ओढू नका. पावसाळ्यात शेतातले बेडूक रात्रभर ओरडतात, झोप हलकी असेल तर मागची खोली मागा." मालक चिडले. असं लिहिलं तर येणार कोण? मी म्हटलं पात्रांव, एक महिना ठेवून बघू. महिन्याभरात दोन गोष्टी झाल्या, "बीच नक्की किती लांब" असे फोन जवळजवळ बंद झाले, आणि एका बाईनं बुकिंग करताना मेसेजमध्ये लिहिलं, बेडकांच्या बाजूचीच खोली द्या. पान अजून तसंच आहे. शिकण्यासारखं एवढंच की आधी चालून या, मग विशेषणं खोडा. हाक कितीही लांबून मारता येते, ११ मिनिटं ही ११ मिनिटंच असतात.

भाषेचं काय करायचं हा गोव्यातला खास प्रश्न. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी देवनागरीत, मराठीलाही सरकारी कामात जागा, रोमी (रोमन लिपीतली) कोकणी वाचणारे पुष्कळ, आणि पर्यटकांसाठी इंग्रजी-हिंदी. नवीन माणूस काय करतो, इंग्रजी मजकूर घेतो आणि मशीननं चारी भाषांत उतरवतो. नका करू. प्रत्येक ठिकाणी प्रत्येक भाषा लागत नाही. पोर्टलवर इंग्रजी चालेल, पण फोंड्याच्या मिठाईवाल्याच्या चवथीच्या पोस्टला मराठी किंवा कोकणीच शोभते, आणि कोकणी असेल तर रोज कोकणी वाचणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. आपल्याला बोलता येतं म्हणून लिहिता येतं असं नाही, माझ्या अनुस्वारांवर कमेंट आलेल्या आहेत.

एआयचं पण इथंच सांगून टाकते. वापरा, मीही वापरते, शीर्षकाचे दहा पर्याय काढायला, लांब मुलाखतीचा सारांश काढायला. पण गावाचं नाव, अंतर, वेळ, सणाची तारीख यातलं काहीही त्याच्या भरवशावर छापू नका. ते न अडखळता बोलतं हीच तर पंचाईत आहे.

पब्लिश करायच्या आधीची यादी भिंतीवर चिकटवा. फोन नंबर लावून बघितला का, सगळ्या लिंक मोबाइलवर उघडल्या का, रेट आणि तारीख मालकाच्या लेखी मेसेजशी जुळते का, फोटोला ऑल्ट टेक्स्ट (फोटोत काय आहे त्याचं लेखी वर्णन) आहे का म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांच्या स्क्रीन रीडरला वाचता येईल, शीर्षक गूगलमध्ये अर्धवट कापलं जात नाही ना (साधारण ६० अक्षरांच्या आत ठेवा), रील उभी १०८० बाय १९२० आहे का. आणि अप्रूव्हल लेखी घ्या, व्हॉट्सॲपवरचा अंगठा पण चालेल, फोनवरचं "हां हां टाक" चालणार नाही.

पासवर्डचं ऐका. एका ठिकाणी आधीचा मुलगा नोकरी सोडून दुबईला गेलेला आणि इन्स्टाचा ओटीपी त्याच्या नंबरवर, आम्ही सोळा दिवस आपल्याच अकाउंटच्या बाहेर उभे. तेव्हा पहिल्याच आठवड्यात बघा की लॉगिन कुठल्या ईमेलवर आहे, टू-फॅक्टर कोणाच्या फोनवर आहे. वर्डप्रेसमध्ये (वेबसाइट चालवायचं सॉफ्टवेअर) सगळ्यांना ॲडमिन करू नका, त्यात एडिटर, ऑथर, काँट्रिब्युटर असे वेगळे रोल दिलेत ते उगाच नाहीत. लिहिणाऱ्याला काँट्रिब्युटर पुरतो, तुम्हाला बहुतेक दिवस एडिटर पुरतो.

कायद्याचं थोडक्यात, पण हलक्यात घेऊ नका. इन्फ्लुएन्सरला पैसे दिले नाहीत, फक्त दोन रात्री फुकट ठेवलं, तरी ती जाहिरातच. आस्कीचे (जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेचे) २०२१ चे नियम आहेत, तसं लेबल पोस्टवर पटकन दिसेल असं लावावं लागतं, हॅशटॅगच्या ढिगात लपवून नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. पर्यटकांचे फोटो त्यांना न विचारता काढू नका असं पर्यटन खात्यानं जानेवारी २०२३ मध्ये सांगितलेलंच आहे, बीचवर सनबाथ घेणाऱ्या माणसाला बॅकग्राऊंड समजू नका. ड्रोन उडवायच्या आधी डिजिटल स्कायवर (सरकारचं ड्रोनचं पोर्टल) झोन बघा, दाबोळीला नौदलाचा तळ आहे. काजूच्या फेणीला २००९ पासून जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, कुठल्याही काजूच्या दारूला फेणी म्हणायची सोय नाही, आणि दारूच्या पोस्टला प्लॅटफॉर्मचे वयाचे नियम वेगळे लागतात. ट्रेंडिंग गाणं बिझनेस अकाउंटवर दिसत नसेल तर त्याला कारण आहे, ते गाणं धंद्यासाठी वापरायचा परवाना नसतो, दुसऱ्याच्या अकाउंटवरून उचलून चिकटवू नका.

आकड्यांकडे वळू. महिन्याच्या शेवटी मालक विचारणार, फायदा काय झाला. तिथं रीच आणि लाइक्स दाखवले की तो खूश होतो आणि दोन महिन्यांनी त्याच आकड्यांवर तुम्हाला काढतो, कारण लाइकनं बिल भरत नाही. आधीच बसून ठरवा की कुठला एक आकडा महत्त्वाचा. आमच्याकडे तो आहे थेट आलेल्या चौकशा, म्हणजे पोर्टलला कमिशन न देता आलेले फोन, फॉर्म आणि व्हॉट्सॲप. प्रत्येक पोस्टमधल्या लिंकला यूटीएम लावा, अवघड नसतं, लिंकच्या शेवटी हे कुठून आलं एवढं लिहायचं असतं, मग गूगल ॲनालिटिक्समध्ये (वेबसाइटवर कोण कुठून आलं ते मोजणारं साधन) कळतं की चौकशी रीलवरून आली की गूगलवरून. आणि रिसेप्शनवर एक वही ठेवा, "आमच्याबद्दल कुठं कळलं?" ती वही कुठल्याही डॅशबोर्डपेक्षा जास्त बोलते, फक्त शनिवार-रविवारी गर्दीत लिहायची राहते त्यासाठी मागे लागावं लागतं. रिपोर्ट उतरवून ठेवायची सवय पण लावा, १ जुलै २०२३ ला गूगलनं जुनं ॲनालिटिक्स बंद केलं तेव्हा ज्यांनी आकडे बाजूला काढून ठेवले नव्हते त्यांचा पुढे सगळा इतिहास गेला.

अनुभव नाही तर काम कसं मिळणार, हे सगळे विचारतात. कोर्स करा, हबस्पॉटचे आणि गूगल स्किलशॉपचे फुकट आहेत, शब्द कळतात त्यानं. पण मी कोणाला घेताना सर्टिफिकेट बघत नाही. ओळखीतला एक खरा धंदा धरा, शेजारच्या बाईचा सोलां (आमसुलं) आणि लोणच्यांचा धंदा, मामाचं स्कूटर भाड्यानं देणं, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बसणारी ओळखीची बाई, आणि त्यांचं तीन महिने नीट सांभाळा. आधी काय होतं, काय बदललं, कुठं चुकलं, हे दोन पानांत लिहा. कुठं चुकलं हा भाग मी आधी वाचते. पेपरातून आलेल्यांना एक फायदा, डेडलाइनची भीती अंगात भिनलेली असते आणि फोन करून खात्री करायला लाज वाटत नाही. तोटा असा की उद्या रद्दी होणार या हिशेबानं लिहायची सवय असते, इथं पान वर्षानुवर्षं उघडं राहतं.

आणि पहिल्या सोमवारी काय करायचं तेही सांगते. लॅपटॉप उघडायच्या आधी वेबसाइटच्या संपर्क पानावरचा नंबर आपल्या फोनवरून लावा. एका क्लायंटचा मी असाच लावला तर उचलला म्हापशाच्या एका गॅरेजवाल्यानं. एक आकडा चुकलेला. दोन वर्षं त्याला रूमचे रेट विचारणारे फोन येत होते. मी माफी मागितली आणि विचारलं, मग तुम्ही काय सांगायचात लोकांना? तो म्हणाला, कितें सांगतलों, सगळ्यांक सांगतालों, फुल्ल आसा.